पोळपाटावरची गोळी

प्रति,
मा. आयुक्त,
अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य,
मुंबई



हायड्रोकॉर्टिसोनच्या 5 मिलिग्रॅमच्या गोळीचे पाच सारखे भाग करायचे म्हटलं तर कसे कराल? दोन होतात. हात स्थिर असेल तर चारही होतात, जरी चारांचं वजन सारखं भरत नाही. पाच मात्र होत नाहीत. सुरी लागली की एखादा भाग भुगा होऊन पोळपाटाच्या खाचांत जातो. तरीही आपल्या राज्यातल्या काही घरांत हा उद्योग दिवसातून तीनदा चालतो, कारण त्या घरात कंजेनायटल ॲड्रिनल हायपरप्लेसिया हा विकार घेऊन जन्मलेलं बाळ असतं. त्याच्या ॲड्रिनल ग्रंथी पुरेसं कॉर्टिसोल बनवत नाहीत. ते बाहेरून द्यावं लागतं आणि अंगाच्या क्षेत्रफळावर मोजून द्यावं लागतं. पाव चौरस मीटर अंगाच्या तान्ह्या बाळाला दिवसाला साधारण 3 मिलिग्रॅम, म्हणजे एका वेळी 1. कमी पडलं तर उलट्या, ग्लानी, रक्तातलं सोडियम घसरणं, आणि वेळेत इस्पितळ गाठलं नाही तर मृत्यू. सतत जास्त पडत राहिलं तर मुलाची उंची खुंटते.

ज्यांना कापणं जमत नाही ते दुसरी वाट धरतात. 10 मिलिग्रॅमची गोळी 10 मिलिलिटर पाण्यात टाकायची, ढवळायची, 1 मिलिलिटर सिरिंजमध्ये ओढून बाळाला पाजायचं, उरलेलं मोरीत ओतायचं. गणित बिनचूक आहे. पण साध्या पाण्याच्या एका मिलिलिटरमध्ये हायड्रोकॉर्टिसोन जेमतेम 0.28 मिलिग्रॅम विरघळतं. बाकीचं बारीक कणांच्या रूपात तळाशी बसतं. सिरिंज वरच्या पाण्यात बुडवली तर बाळाला जेमतेम चतुर्थांश मात्रा जाते, तळाला टेकवली तर कितीतरी पट. एकाच घरात, एकाच आईच्या हातून, एकाच पाकिटातल्या गोळीची सकाळची आणि रात्रीची मात्रा वेगळी.

युरोपात या मुलांसाठी अर्ध्या, एक, दोन आणि पाच मिलिग्रॅमचे दाणे भरलेल्या, उघडून द्यायच्या कॅप्सूल 2018 पासून मान्य आहेत. अमेरिकेत 2020 पासून. आपल्याकडे चिठ्ठीवर येते ती बहुधा गोळीच. पुढचं काम आईचं.

मी अनेक वर्षं डी.फार्म.च्या वर्गाला औषधनिर्मिती शिकवली, आता निवृत्त आहे. माझ्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला ही चिठ्ठी दिली असती तर त्यानं काय केलं असतं, ते सांगते. 5 मिलिग्रॅमच्या वीस गोळ्या घेतल्या असत्या, म्हणजे औषध झालं 100 मिलिग्रॅम. त्या तोलून, खलात एकजीव बारीक करून त्यात लॅक्टोज मिसळलं असतं. तेही एकदम ओतून नाही. आधी जेवढी भुकटी तेवढंच लॅक्टोज, मग त्या मिश्रणाएवढं, मग पुन्हा त्याच्या बरोबरीचं. असं दुपटीनं वाढवत नेलं की थोडंसं औषध पुष्कळ भुकटीत सारखं पसरतं. मग त्याच्या शंभर कॅप्सूल. त्यातल्या काही उचलून तोलल्या असत्या आणि कागदावर वजनं लिहिली असती. आईनं एक कॅप्सूल उघडायची, चमचाभर दुधात मिसळायची, झालं. यात कोणतंही नवं शास्त्र नाही. एक तराजू, एक खल, लॅक्टोजचा डबा आणि काळजीपूर्वक काम करणारा एक माणूस, एवढंच लागतं. हे शिकवायला राज्यभर महाविद्यालयं आहेत, आणि शिकून बाहेर पडलेला विद्यार्थी काउंटरमागे उभा राहून स्ट्रिप कात्रीनं कापून देतो.

मला आपल्याकडे जे मागायचं आहे ते एका वाक्यात सांगता येतं. माणसाच्या किंवा जनावराच्या मापाचं औषध बनवण्याचं जे काम आज स्वयंपाकघरात होतं, ते शिकलेल्या माणसाच्या हाताखाली, नोंद ठेवून, फार्मसीत होऊ द्या.

होऊ द्या म्हणते, कारण कायदा आडवा येत नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, 1940 मध्ये 'उत्पादन' म्हणजे काय ते सांगताना किरकोळ विक्रीच्या नेहमीच्या व्यवहारात औषध मिसळून तयार करणं त्यातून स्पष्ट वगळलं आहे. म्हणजे त्यासाठी कारखान्याचा परवाना लागत नाही. 1945 च्या नियमांतल्या 65व्या नियमाची पहिलीच अट अशी की दुकानात औषध बनवलं जात असेल तर ते नोंदणीकृत फार्मासिस्टनं किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच बनवलं पाहिजे. त्याच नियमात दुकानांचे तीन प्रकार केले आहेत. ज्याला फार्मासिस्टची गरज नाही ते 'ड्रगस्टोअर'. फार्मासिस्ट आहे पण चिठ्ठीवरून औषध बनवण्याची सोय नाही, ते 'केमिस्ट्स अँड ड्रगिस्ट्स'. आणि ज्याच्याकडे फार्मासिस्टही आहे आणि औषध बनवण्याची व्यवस्थाही, त्यानंच पाटीवर 'फार्मसी' लिहावं. त्या व्यवस्थेत काय काय असावं याची यादी अनुसूची एन मध्ये आहे: 30 मिलिग्रॅमपर्यंतचा फरक दाखवणारा तराजू, काचेचे आणि चिनीमातीचे खल, मलम घोटायची पाटी, मोजपात्रं, वॉटर बाथ, गोळ्या वळायचं यंत्र, सपोझिटरीचा साचा. औषध बनवण्याच्या जागेला एका फार्मासिस्टमागे किमान 6 चौरस मीटर, पुढच्या प्रत्येकामागे आणखी 2.

आता आपल्या कार्यालयातून निघून कोणत्याही उपनगरात शंभर पावलं चाला आणि 'फार्मसी' लिहिलेल्या पाट्या मोजा. मग आत जाऊन खल मागा. लोकांनी या दुकानांना 'मेडिकल' हे नाव देऊन टाकलंय ते एका परीनं प्रामाणिकच आहे.

त्या जुन्या नियमांची आणखी एक गोष्ट मला नेहमी आवडत आली. चिठ्ठीवर काय असलं पाहिजे हे सांगताना नियम म्हणतो, रुग्णाचं नाव आणि पत्ता. आणि औषध जनावरासाठी असेल तर त्याच्या मालकाचं नाव आणि पत्ता. 1945 साली बसून ज्यांनी हे लिहिलं त्यांच्या डोळ्यांसमोर एकाच काउंटरवर बाळाची आई आणि कुत्र्याचा मालक दोघेही उभे होते. आज तो दुसरा माणूस काउंटरवर आला तर त्याला उत्तर मिळतं, "जनावरांचं आम्ही ठेवत नाही."

हे काम दुकानांतून गेलं कसं? कारखान्यांनी तयार गोळ्या, तयार सिरप, तयार मलमं स्वस्तात आणि चांगल्या दर्जाची दिली, हे पहिलं कारण, आणि ते चांगलंच झालं. दुसरं कारण पैशाचं आहे. किंमत नियंत्रणाखालच्या औषधावर विक्रेत्याला 2013 च्या आदेशानुसार 16 टक्के नफा मिळतो. तो मिळतो खोकं विकण्याचा. खलात अर्धा तास घालवण्याचे, तीन वेळा वजन करण्याचे, पालकांना समजावून सांगण्याचे पैसे कोणत्याच रकान्यात बसत नाहीत. ज्या कामाला मोल नाही ते दुकानदार का करील? आपल्या प्रशासनानं 2012 च्या सुमारास दुकानात फार्मासिस्ट हजर पाहिजे म्हणून मोहीम घेतली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, ते आठवत असेल. मी तेव्हा प्रशासनाच्या बाजूची होते, आजही आहे. पण हजर राहून त्यानं करायचं काय, हा प्रश्न तेव्हा कुणी विचारला नाही.

माझ्या पिढीतले काही लोक हे वाचून लगेच उसासा टाकतील. घरून धुतलेली बाटली घेऊन दवाखान्यात जायचं, कंपाउंडर त्यात गुलाबी मिक्स्चर भरायचा, कात्रीनं खाचा पाडलेली कागदाची पट्टी चिकटवायचा, एक खाच म्हणजे एक डोस. मला ते दिवस परत नको आहेत. बाटली किती धुतली होती, मिक्स्चरमध्ये काय होतं, उद्या तेच असेल का, यातलं काहीच कुणाला माहीत नव्हतं. त्या मिक्स्चरचा वारस अजून जिवंत आहे, तो म्हणजे बिननावाची पुडी. सांधेदुखीवर, दम्यावर, "शक्तीसाठी" म्हणून कागदात बांधून मिळणारी पांढरी भुकटी. तिनं लगेच बरं वाटतं, कारण पुष्कळदा तिच्यात स्टिरॉइड असतं. दोन वर्षांनी चेहरा गोल होतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, आणि डॉक्टर विचारतात काय घेत होतात, तर उत्तर असतं पुडी. मी ज्या औषधाबद्दल लिहिते आहे त्याच्या डबीवर आतल्या प्रत्येक घटकाचं नाव, प्रमाण, बनवल्याची तारीख आणि टाकून देण्याची तारीख ठळक छापलेली असली पाहिजे. ज्याच्यावर ती नाही ती पुडी, मग ती कितीही झकपक दुकानात बनलेली असो.

जनावरांचं थोडं सविस्तर सांगते, कारण त्या बाबतीत आपल्याकडे अजिबातच विचार झालेला नाही.

म्हातारी मांजर, वजन 4 किलो, मूत्रपिंडं थकलेली, रक्तदाब चढलेला. पशुवैद्य ॲम्लोडिपिन लिहून देतात. तेच, जे आपल्यापैकी निम्मे लोक घेतात. मांजरीची नेहमीची सुरुवातीची मात्रा 0.625 मिलिग्रॅम, म्हणजे अडीचच्या गोळीचा चतुर्थांश. पुन्हा पोळपाट, पुन्हा सुरी. शिवाय बाळ निदान थुंकून पळून जात नाही. मांजर पळते, आणि तिला गोड सिरपची लालूच दाखवून काही उपयोग नाही. गोड चव ओळखणाऱ्या ग्राहकाचं एक जनुक मांजराच्या कुळात निकामी आहे, हे 2005 साली सिद्ध झालं. तिला साखर म्हणजे काहीच नाही. जिथे जनावरांसाठी औषधं बनवून देणाऱ्या फार्मसी आहेत तिथे मांजराचं औषध मासळीच्या किंवा कोंबडीच्या चवीचं असतं. थायरॉइड वाढलेल्या मांजरांसाठी मेथिमॅझोल तर जेलमध्ये घालून कानाच्या आतल्या बिनकेसाळ कातडीवर चोळायला देतात. मालकानं हातमोजा घालायचा, एवढी सूचना डबीवर.

चव हा लाडाचा भाग झाला असं कुणाला वाटेल. धोक्याचा भाग असा की माणसाचं औषध जनावराला मोजून कमी केलं म्हणजे भागलं, हा समज जीव घेतो. माणसांसाठीच्या काही द्रव औषधांत गोडीसाठी झायलिटॉल घालतात. अमेरिकेतल्या गॅबापेंटिनच्या द्रावणात ते असतं. आपल्याला ते साखरेपेक्षा बरं, पण कुत्र्याच्या रक्तातली साखर ते धाडकन खाली आणतं आणि यकृत जाळतं. मांजराला पॅरासिटामॉलची एक गोळीही मारू शकते. बऱ्याच द्रव औषधांत विद्रावक म्हणून असणारं प्रॉपिलीन ग्लायकॉल मांजराच्या तांबड्या पेशींना अपाय करतं. ज्याला हे माहीत आहे असा माणूस साखळीत कुठेतरी हवा. तो पशुवैद्य असतोच, पण बाटलीतलं गोडवणारं आणि विरघळवणारं काय आहे हे पाहणं फार्मासिस्टचं काम आहे आणि आज ते कुणाचंच नाही.

मागणी दाबली की काय होतं त्याचा धडा मांजरांच्याच एका आजारानं दिला. फेलाइन इन्फेक्शियस पेरिटोनायटिस, थोडक्यात एफआयपी, हा तरुण मांजरांना मारणारा आजार होता. होता म्हणते कारण 2019 साली कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी जीएस-441524 हे औषध देऊन बहुतेक मांजरं वाचवून दाखवली. पण ते विकायचा परवाना कुणालाच नव्हता. मग पाच वर्षं जगभरचे मांजरवाले फेसबुकच्या गटांतून बिनलेबलच्या बाटल्या मागवत राहिले. आत किती औषध आहे हे देवाला ठाऊक, पण मांजर डोळ्यांदेखत मरत असताना कोण विचारतो! 2021 मध्ये ब्रिटनमध्ये आणि जून 2024 पासून अमेरिकेत ते चिठ्ठीवर, फार्मसीत बनवून, कायद्यानं मिळू लागलं. चोरबाजार धाडींनी संपला नव्हता. दुकानात खरं औषध मिळू लागल्यावर त्याची गरजच घटली.

तरी आपल्या टेबलावर ही फाईल आली तर आपले अधिकारी पहिल्यांदा धोके मोजतील, आणि ते बरोबरच आहे. म्हणून मीच सांगते.

2012 साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या फ्रेमिंगहॅम गावातल्या एका कंपाउंडिंग फार्मसीनं पाठदुखीसाठी कण्याजवळ टोचायच्या स्टिरॉइडच्या कुप्या हजारोंनी बनवल्या. कुप्यांत बुरशी गेली. तिथल्या रोगनियंत्रण केंद्राच्या मोजणीत 20 राज्यांत 753 जणांना मेंदूज्वर आणि इतर संसर्ग झाले, 64 दगावले. ती नावालाच फार्मसी होती. चिठ्ठी नाही, रुग्णाचं नाव नाही, देशभर घाऊक माल. कारखानदारी करायची आणि कारखान्याचे नियम टाळायला फार्मसीची पाटी लावायची, असा तो धंदा. पुढच्याच वर्षी अमेरिकेनं कायदा करून दोन वाटा वेगळ्या केल्या: नाव लिहिलेल्या रुग्णासाठी चिठ्ठीवर बनवणारी लहान फार्मसी एका बाजूला, आणि इस्पितळांना साठा पुरवणारं, केंद्र सरकारच्या तपासणीखालची आस्थापना दुसऱ्या बाजूला.

त्याआधी एप्रिल 2009 मध्ये फ्लोरिडातल्या वेलिंग्टनला पोलोच्या स्पर्धेत व्हेनेझुएलाच्या मालकाच्या संघाचे 21 घोडे सामन्याच्या तोंडावर कोसळून मेले. त्यांना दिलेलं जीवनसत्त्वं आणि खनिजांचं टॉनिक ओकाला गावच्या फार्मसीत बनवलेलं होतं, आणि त्यात सेलेनियमचं प्रमाण चुकलं होतं. बुरशी नाही, लबाडी नाही, आकड्याची चूक. या दोन घटनांपैकी मला दुसरीची भीती जास्त वाटते. पहिली चूक करायला लोभ लागतो, दुसरीला एक थकलेली संध्याकाळ पुरते. म्हणून प्रत्येक औषधाचा हिशेब दुसऱ्या माणसानं कागदावर स्वतंत्रपणे मांडून पाहिला पाहिजे, आणि जिथे दुसरा माणूस नाही तिथे हे काम होता कामा नये.

तिसरा धोका आपल्या घरचा आहे. 1986 साली मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिल्यानंतर 14 रुग्ण दगावले. त्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे औद्योगिक द्रावक होतं. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशी आयोगानं तेव्हा आपल्या या खात्याबद्दल जे लिहिलं ते आपल्याला मी सांगायला नको. आणि 2025 मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची मुलं मूत्रपिंडं बंद पडून नागपूरच्या इस्पितळांत आली, त्यातली अनेक परत गेली नाहीत. त्यांच्या खोकल्याच्या औषधात तेच विष 48.6 टक्के सापडलं. औषध एका परवानाधारक कारखान्याचं होतं. सगळे म्हणतात कारखान्याचा माल सुरक्षित आणि हातानं बनवलेला असुरक्षित. इतकं सोपं नाही. गोडसर, दाट द्रव बनवायला ग्लिसरीन किंवा प्रॉपिलीन ग्लायकॉल लागतं, आणि ते कोणत्या पिंपातून आलं यावर सगळं ठरतं. गल्लीतला फार्मासिस्ट ते तपासू शकत नाही. तपासलेलं, लहान बाटल्यांत, तुकडीचा क्रमांक आणि डायएथिलीन ग्लायकॉलच्या चाचणीचा दाखला लावून त्याच्यापर्यंत कुणीतरी पोचवायला हवं. परळचं हाफकिन हे करू शकणार नाही का? ते होईपर्यंत द्रवाऐवजी भुकटी आणि कॅप्सूलवरच काम सुरू करता येईल. माझ्या मते तेच जास्त शहाणपणाचं.

तर मागणी अशी. सगळ्या दुकानांना मोकळं रान देऊ नका. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या इस्पितळांतल्या औषधालयांपासून आणि ज्या मोजक्या खासगी दुकानांकडे अनुसूची एन ची सामग्री खरोखर आहे तिथून सुरुवात करा. पोटात घ्यायचं आणि कातडीला लावायचं, एवढंच. इंजेक्शन, डोळ्याचे थेंब, शिरेतून द्यायचं काहीही नाही. त्यासाठी लागणारी निर्जंतुक खोली, हवेची गाळणी आणि शिस्त सहा चौरस मीटरमध्ये बसत नाही, आणि फ्रेमिंगहॅमचा धडा तोच आहे. बाजारात मिळणाऱ्या तयार औषधाची नक्कल नाही. 10 मिलिग्रॅमची गोळी मिळत असेल तर 10 ची कॅप्सूल बनवायची नाही.

जनावरांपैकी फक्त घरात पाळलेली. गाय, म्हैस, शेळी, कोंबडी यांना दिलेलं दुधातून, मांसातून, अंड्यातून आपल्या पोटात येतं, आणि डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाचं आपण पाहिलंच आहे. जनावरांसाठी त्यावर 2006 मध्ये बंदी आली, तरी माणसांच्या मोठ्या कुप्या गोठ्यात जात राहिल्या, म्हणून 2015 मध्ये माणसांचीही कुपी 3 मिलिलिटरवर आणावी लागली. तोवर ते औषध दिलेली मेलेली गुरं खाऊन आपल्या आकाशातली गिधाडं जवळजवळ गेली होती.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे कृतींचं पुस्तक. जर्मनीत औषध बनवणाऱ्या दुकानांसाठी तपासलेल्या कृतींचा एक समान संग्रह आहे. कोणत्याही शहरात जा, त्या चिठ्ठीचं मलम तसंच बनतं. जागतिक आरोग्य संघटनेनंही 2016 मध्ये मुलांसाठी अशी औषधं बनवताना काय पाहावं याचं मार्गदर्शन छापलं. आपल्याला सुरुवातीला जेमतेम डझनभर औषधं पुरतील: हायड्रोकॉर्टिसोन, फ्युरोसेमाइड, स्पायरोनोलॅक्टोन, प्रोप्रॅनोलॉल, कॅप्टोप्रिल, सिल्डेनाफिल, फेनोबार्बिटोन, आणि मांजर-कुत्र्यांची चार-दोन. 4 किलोच्या हृदयविकारी बाळाला फ्युरोसेमाइड किलोला 1 मिलिग्रॅमनं द्यायचं तर 40 च्या गोळीचा दहावा भाग लागतो. हे पोळपाटावर होत नाही, हे कुणालाही पटेल.

टाकून देण्याची तारीख कुणी अंदाजानं लिहू नये, हेही त्या पुस्तकात असायला हवं. संरक्षक न घातलेलं पाणीदार औषध शीतकपाटात ठेवूनही 14 दिवसांपलीकडे नेऊ नये असा अमेरिकेतला नियम आहे, आणि काही औषधं तेवढीही टिकत नाहीत. डॉक्सिसायक्लिनची गोळी मांजराच्या अन्ननलिकेत अडकून तिथे व्रण पाडते म्हणून ते पातळ करून द्यायची पद्धत आहे. पण असं बनवलेलं द्रव तपासलं तेव्हा आठवडाभर ठीक होतं आणि चौदाव्या दिवशी त्यात पाचवा हिस्साही औषध उरलं नव्हतं.  मालक बिचारा इमानानं पाजत राहतो.

आणि कामाचं मोल. बिलावर औषधाची किंमत वेगळी आणि बनवण्याचं शुल्क वेगळं छापू द्या, त्याची मर्यादा हवी तर आपण ठरवा. शुल्क नसेल तर हे काम कागदावर राहील. शुल्क असेल आणि नियम ढिले असतील तर पहिला अर्ज कुणाचा येईल तेही सांगते: गोरं करणाऱ्या मलमाचा, दुसरा केस उगवणाऱ्या तेलाचा, तिसरा वजन उतरवणाऱ्या कॅप्सूलचा. म्हणून डझनभराची यादी बंद ठेवा, आणि तिच्यात भर घालायची तर बालरोगतज्ज्ञ, पशुवैद्य आणि फार्मासिस्ट तिघांच्या सहीनं घाला.

पहिल्या यादीतल्या औषधांच्या प्रत्येकी एका पानाच्या कृती, वजनाच्या नोंदींसह, लिहून द्यायला मी आणि माझे काही जुने सहकारी तयार आहोत. त्याचा मोबदला नको. त्या कृतींनी बनवलेल्या कॅप्सूल आपल्या प्रयोगशाळेत तपासायची परवानगी तेवढी हवी आहे. शंभरातल्या दहा उचलून प्रत्येकीत किती औषध निघतं ते पाहा. ते नियमात बसलं नाही तर कृती फेटाळा, आम्ही दुसरी लिहू.

आपली,
एक निवृत्त औषधनिर्माणशास्त्र शिक्षिका
सातारा

ता. क. या पत्राची प्रत पशुसंवर्धन आयुक्त, औंध, पुणे यांनाही पाठवत आहे. मांजरा-कुत्र्यांच्या चिठ्ठीवर जनावराचं वजन आणि जात लिहिणं सक्तीचं करायचं का, हे त्यांच्याशी बोलून ठरवावं लागेल. वजनाशिवाय आलेल्या चिठ्ठीवर औषध बनवू नये, असं माझं मत आहे.